रिलायन्स इमारतीचे दोन जन्म

अमेरिकेंतील शिकागो शहरांत स्टेट स्ट्रीट आणि वॉशिंग्टन स्ट्रीट हे दोन रस्ते जेथें मिळतात, त्या कोपऱ्यावर इ. स. १८९० च्या सुमारास एक विलक्षण देखावा लोकांच्या दृष्टीस पडत होता. एका जुन्या इमारतीचा तळमजला मजूर पाडीत होते आणि तिचे वरचे मजले मात्र जागच्या जागीं कायम होते. लोखंडी जॅकांवर ते तोलून धरलेले होते. खालीं जमीन खणली जात होती, नवा पाया भरला जात होता. आणि वरच्या खोल्यांवरील भाडेकऱ्यांचा ताबा जराहि सुटला नव्हता.

कारण साधें होतें. जागेचे मालक विल्यम एलरी हेल यांना तेथें एक उंच इमारत उभारावयाची होती. परंतु वरच्या भाडेकऱ्यांचे भाडेपट्टे १८९४ पर्यंत संपत नव्हते, आणि मुदतीपूर्वीं जागा सोडावयास ते तयार नव्हते. हेल यांचा धंदा लिफ्टांचा. माणसें वर नेण्याच्या व्यवसायांत पैसा मिळविलेल्या गृहस्थाला भाडेकऱ्यांसकट मजलेच उचलून धरण्याची युक्ति सुचली, यांत फारसें नवल नाहीं. शिवाय शिकागोला हा प्रकार अगदींच नवखा नव्हता. मिशिगन सरोवराच्या कांठीं दलदलीच्या सपाटीवर वसलेल्या या शहरांत सांडपाण्याचा निचरा व्हावा म्हणून १८५० नंतरच्या दशकांत रस्त्यांची पातळीच उंच करण्यांत आली, आणि मग जुन्या इमारतींनाहि जॅक लावून वर घ्यावें लागलें. १८६१ मध्यें ट्रेमाँट हाउस नांवाचें विटांचें हॉटेल आंतील पाहुण्यांसह असेंच उचललें गेलें होतें.

हेल यांच्या जागेवर १८९५ मध्यें पुरी झालेली चौदा मजल्यांची इमारत रिलायन्स या नांवानें ओळखली जाते. रिलायन्स म्हणजे भरंवसा. जवळजवळ शंभर वर्षें तींत दुकानें, कचेऱ्या आणि दवाखाने नांदले. १९९९ मध्यें तिचें हॉटेल झालें. जुनी इमारत नव्या कामाला लावणें ही वरकरणी केवळ सोयीची गोष्ट दिसते. परंतु इमारत ज्या कामासाठीं जन्मली तें काम संपल्यावर तिनें जगावें कीं जाऊं नये, जगावयाचें तर कोणाच्या खर्चानें, आणि ती जगली तर तिच्यांतलें नेमकें काय जगलें, असे तीन प्रश्न त्यांत गुंतलेले असतात. रिलायन्सच्या इतिहासांत या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें शोधतां येतात.

१८७१ च्या ऑक्टोबरांत लागलेल्या आगीनें शिकागोचा मध्यभाग भस्मसात् केला. शहर पुन्हां उभें राहूं लागलें तेव्हां मध्यवस्तींतील जमिनीचे भाव चढत गेले. जमीन वाढवितां येत नाहीं. म्हणून मजले वाढूं लागले. वरचे मजले भाड्यानें जावयाचे तर तेथवर जाण्याचें साधन हवें; तें लिफ्टनें पुरविलें. तरीहि एक अडचण राहिली. विटांच्या भिंतींनींच सर्व भार पेलावयाचा म्हटला तर इमारत जितकी उंच तितकी तळाची भिंत जाड ठेवावी लागे. शिकागोंतीलच मोनॅडनॉक ही सोळा मजल्यांची इमारत १८९१ मध्यें पुरी झाली. तिच्या तळाच्या भिंती सहा फूट जाड आहेत. ज्या तळमजल्याला सर्वांत अधिक भाडें यावयाचें, त्याचीच जागा अशा रीतीनें भिंती खाऊन टाकीत.

पोलादी सांगाड्यानें ही अडचण दूर केली. भार खांबांनीं व तुळयांनीं उचलावा आणि भिंतीनें केवळ ऊन, पाऊस व वारा अडवावा, असें कामाचें नवें वांटप झालें. विल्यम ले बॅरन जेनी यानें १८८५ मध्यें बांधलेली होम इन्शुअरन्स इमारत हें या मार्गावरील एक मोठें पाऊल होतें. रिलायन्सच्या वेळेपर्यंत ही विद्या पुष्कळच पुढें गेली होती.

रिलायन्सच्या तळमजल्याची योजना जॉन वेलबॉर्न रूट याची. डॅनिएल बर्नहॅम आणि रूट यांची भागीदारी त्या काळीं शिकागोंतील वास्तुव्यवसायांत अग्रगण्य होती. मोनॅडनॉकहि त्यांचीच कृति. १८९१ च्या जानेवारींत न्युमोनियाच्या विकारानें रूटचा अंत झाला. त्या वेळीं त्याचें वय अवघें एकेचाळीस वर्षांचें होतें. भाडेपट्टे संपण्याची वाट पाहत काम तसेंच अडून राहिलें. १८९४ मध्यें जुने मजले काढून नवे चढविण्याची वेळ आली तेव्हां बर्नहॅमच्या कचेरींत रूटच्या जागीं चार्ल्स ॲटवुड आला होता. सांगाड्याची आखणी एडवर्ड शँकलंड या इंजिनिअरनें केली. त्यानें खांब दोन-दोन मजले उंचीचे घेतले आणि त्यांचे सांधे सगळे एकाच पातळीवर येऊं दिले नाहींत. त्यामुळें सांगाडा एकजीव राहून वाऱ्याच्या दाबाला तोंड देऊं शकला. वरच्या दहा मजल्यांचा सांगाडा पंधरा दिवसांत उभा राहिला, ही गोष्ट त्या काळीं मोठ्या कौतुकाची होती.

या सांगाड्यावर ॲटवुडनें जें आवरण चढविलें तें दगडाचें नव्हतें. पांढरी झिलई चढवून भाजलेल्या मातीचे, म्हणजे टेराकोटाचे, सांच्यांतून काढलेले तुकडे त्यानें वापरले. दगडी कोळशाच्या धुरानें काळवंडणाऱ्या शहरांत ही झिलई पावसानें आपोआप धुतली जाईल अशी त्यामागील कल्पना होती. टेराकोटाचे हे पट्टेहि अरुंद. बाकी सर्व कांच. मधोमध एक मोठी न उघडणारी कांच आणि तिच्या दोहों बाजूंस उघडझांप करतां येईल अशा अरुंद खिडक्या, या रचनेला पुढें शिकागो खिडकी असेंच नांव पडलें. इमारत उघडली त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ॲटवुडहि वारला. आपल्या कृतीचें पुढें काय झालें हें रूट व ॲटवुड या दोघांपैकीं कोणालाच पाहावयास मिळालें नाहीं.

जगभर पसरलेल्या कांचेच्या उंच इमारतींची रिलायन्स ही पूर्वज होय, असें वास्तुकलेचे इतिहासकार मानतात. सिगफ्रीड गीडिऑन यानें १९४१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत तिला मानाचें स्थान दिलें. परंतु ज्यांनीं ती बांधविली त्यांच्या दृष्टीनें ती भाड्याच्या उत्पन्नासाठीं उभारलेली मिळकत होती, आणि भाडेकऱ्यांना काय हवें याच विचारानें तिचा प्रत्येक भाग ठरला होता. तळाशीं कार्सन पीरी स्कॉट या पेढीचें कापडचोपडाचें दुकान थाटलें गेलें. त्यावरच्या मजल्यांवर व्यापारी, आणि आणखी वर डॉक्टर व दंतवैद्य येऊन राहिले. रोग्याच्या तोंडांत डोकावून काम करणाऱ्या दंतवैद्याला उजेडाची गरज किती असते हें सांगावयास नको. असा उजेड ही इमारत मुबलक पुरवीत असे. खोल्यांत विजेची व टेलिफोनचीहि सोय होती.

पुढें मात्र दिवस पालटले. १९३० नंतरच्या दशकांतील मंदीनें अशा मिळकतींना धक्का दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, सुखवस्तु कुटुंबें उपनगरांत गेलीं आणि त्यांच्यामागोमाग दुकानें व दवाखानेहि गेले. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रिलायन्सच्या माथ्यावरील पुढें आलेली कंगणी काढून टाकण्यांत आली. तळमजल्याचें मूळ रूप दुकानांच्या नव्या दर्शनी भागांखालीं झांकलें गेलें. १९७९ मध्यें स्टेट स्ट्रीटवर खासगी मोटारींना बंदी करून तो रस्ता पादचारी व बसगाड्यांसाठीं राखण्यांत आला. बाजारपेठेला तेज चढावें हा हेतु होता, पण परिणाम उलटा झाला, आणि १९९६ मध्यें तो रस्ता पुन्हां मोटारींना खुला करावा लागला. मधल्या काळांत रिलायन्सच्या वरच्या मजल्यांवरील खोल्या एकामागून एक रिकाम्या होत गेल्या. जिची झिलई पावसानें आपोआप धुतली जावयाची होती ती इमारत काजळीनें काळी पडली, आणि टेराकोटाला तडे जाऊं लागले.

अशा अवस्थेंतील इमारतीचें शिकागोंत सहसा काय होत असे, याचे दाखले आजूबाजूलाच होते. होम इन्शुअरन्स इमारत १९३१ मध्यें पाडली गेली. बर्नहॅम आणि रूट यांचें मॅसॉनिक टेंपल, जें एके काळीं शहरांत सर्वांत उंच होतें, तें १९३९ मध्यें गेलें. लुई सलिव्हन व डंकमार ॲडलर यांनीं बांधलेली शेअरबाजाराची इमारत १९७२ मध्यें पाडली जात असतांना, तिच्यांतील नक्षीकाम वांचविण्यासाठीं धडपडणारा छायाचित्रकार रिचर्ड निकेल ढिगाऱ्याखालीं सांपडून मरण पावला. या घटनेनें अनेकांना हादरा बसला. रिलायन्सची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादींत १९७० मध्यें झाली होती; १९७५ मध्यें नगरानें आणि १९७६ मध्यें मध्यवर्ती सरकारनें तिला स्मारकाचा दर्जा दिला.

परंतु दर्जा मिळाल्यानें गळकें छप्पर दुरुस्त होत नाहीं, कीं रिकाम्या खोलीला भाडेकरू लाभत नाहीं. स्मारक पाडावयाचें नाहीं असें कायदा फार तर सांगूं शकतो. तें सांभाळण्याचा खर्च भागविणारें उत्पन्न त्याला निर्माण करतां येत नाहीं. आणि कायद्याचें संरक्षणहि अभेद्य नसतें. वॉशिंग्टन स्ट्रीट ओलांडतांच समोर जो चौक लागतो, त्याला नगररचनेच्या भाषेंत ३७ क्रमांकाचा चौक म्हणतात. मोठमोठे मनोरे बांधण्याच्या आशेनें १९८९ मध्यें तेथील बहुतेक सर्व इमारती पाडल्या गेल्या, आणि त्यांत १८७२ ची, स्मारक म्हणून गणलेली मॅकार्थी इमारतहि गेली. बांधकामाचा बाजार बसला. तो चौक पुढें अनेक वर्षें मोकळाच पडून होता. रिलायन्सच्या खिडक्यांतून जो कोणी त्या काळीं बाहेर पाहत असेल, त्याच्या डोळ्यांपुढें पाडकामाचें फळ उघडें पडलेलें होतें.

शेवटीं १९९४ मध्यें शिकागोच्या नगरपालिकेनें रिलायन्स इमारत विकत घेतली. खासगी भांडवलदार पुढें येत नव्हता, कारण दुरुस्तीचा खर्च आणि भाड्याचें उत्पन्न यांचा मेळ बसत नव्हता. नगरपालिकेनें प्रथम बाहेरचें काम हातीं घेतलें. टेराकोटाचा एकेक तुकडा तपासण्यांत आला. जे टिकण्यासारखे होते ते धुऊन-सांधून ठेवले, आणि जे निकामी झाले होते असे सुमारें दोन हजार तुकडे नव्यानें घडवून बसविण्यांत आले. नाहींशी झालेली कंगणी जुन्या छायाचित्रांवरून पुन्हां तयार केली. ती मात्र भाजलेल्या मातीची न करतां हलक्या ॲल्युमिनियमची केली. इमारत पांढरी शुभ्र झाली, पण आंतून ती रिकामीच होती. बाहेरून उजळलेली ही रिकामी इमारत पाहिल्यावर मग भांडवलदार पुढें आले, आणि हॉटेलाची योजना ठरली.

हॉटेलच कां, याचें उत्तर रिलायन्सच्या मूळ रचनेंतच होतें. यंत्रानें हवा थंड करण्याची सोय नव्हती आणि विजेचे दिवे मंद होते, त्या काळांत कचेरीची खोली खिडकीपासून फार आंत नेतां येत नसे. रिलायन्सचा भूखंडहि लहान व अरुंद. यामुळें तिच्या प्रत्येक मजल्यावर मधून जाणारा बोळ आणि बोळाच्या कडेनें खिडक्या असलेल्या बेताच्या खोल्या, अशी वांटणी झाली. हॉटेलला हीच वांटणी लागते. उलट, पुढच्या काळांत बांधलेल्या प्रशस्त कचेऱ्यांत खिडकीपासून पुष्कळ आंतपर्यंत जागा पसरलेली असते. दिवसभर दिव्याखालीं बसून काम करणाऱ्याला ती चालते, पण मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला बिनखिडकीची खोली देतां येत नाहीं. शिवाय ज्या पोलादी सांगाड्यानें भिंतींच्या माथ्यावरील भार काढून घेतला होता, त्यानेंच आतां आंतील भिंती हलविण्याची मोकळीक दिली. रोग्यांच्या प्रतीक्षेच्या खोल्या जेथें होत्या तेथें शय्यागृहें करतांना इमारतीच्या पाठीच्या कण्याला हात लावावा लागला नाहीं.

तरी काम सोपें नव्हतें. कचेरीच्या एका मजल्याला शौचालयें व हात धुण्याचीं भांडीं थोडीं पुरतात; हॉटेलांत प्रत्येक खोलीला न्हाणीघर लागतें, आणि त्यासाठीं सर्व मजले भेदून जाणारे पाण्याचे नळ व मैल्याचे नळ नव्यानें घालावे लागतात. आगीच्या वेळीं निसटण्याचे मार्ग, हवेचीं यंत्रें, स्वयंपाकघर या सर्वांना जागा काढावी लागते. आणि हें सर्व जुन्या भागांना धक्का न लावतां करावयाचें. अमेरिकेंत १९८६ च्या करविषयक कायद्यानें नोंदलेल्या ऐतिहासिक इमारतीचा जीर्णोद्धार करून ती उत्पन्नाच्या कामीं लावणाऱ्यास खर्चाच्या वीस टक्के इतकी सूट करांत मिळूं लागली. पण इमारतीचें ऐतिहासिक स्वरूप राखलें पाहिजे अशी त्यांत अट आहे. म्हणजे जुन्या वस्तूंचा लोभ सोडावयाचा नाहीं, यांत मालकाचाहि स्वार्थ गुंतविला गेला.

रिलायन्सच्या वरच्या मजल्यांवर हा लोभ विशेष फळाला आला. तेथील बोळांतून संगमरवराचे पत्रे भिंतींना कमरेइतक्या उंचीपर्यंत लावलेले आहेत, आणि खोल्यांना महोगनीचे, दुधी कांचेचे दरवाजे आहेत. दंतवैद्याच्या दारावर त्याचें नांव असावें तसा आतां त्या कांचेवर जुन्या वळणाचा खोलीचा आंकडा असतो. तळमजल्यावरील लिफ्टच्या दिवाणखान्याचें मूळ रूप बव्हंशीं नष्ट झालें होतें. तें रंगीबेरंगी संगमरवरांनीं पुन्हां घडविलें गेलें. १९९९ मध्यें १२२ खोल्यांचें हॉटेल उघडलें, तेव्हां त्याला बर्नहॅमचें नांव दिलें आणि खालच्या उपाहारगृहाला ॲटवुडचें. पायाचा धनी रूट आणि जॅकांवर मजले तोलणारे हेल यांच्या वांट्याला नामफलक आला नाहीं. पुढें चालक बदलले आणि हॉटेलाचें नांवहि बदललें.

या घडामोडींत जें गमावलें तेंहि नमूद केलें पाहिजे. कचेऱ्यांच्या इमारतींत शहरांतील कोणीहि सामान्य मनुष्य कामानिमित्त जाऊं शकत असे. दुखऱ्या दाताचा कारकून आणि नवा अंगरखा शिवावयास आलेली गृहिणी एकाच लिफ्टनें वर जात. हॉटेलच्या वरच्या मजल्यावर मुक्कामाचे पैसे भरणारा परगांवचा पाहुणा तेवढा जातो. ज्या शहरानें आपल्या तिजोरींतून ही इमारत वांचविली, त्या शहरांतील बहुतेक लोकांना तिचे जपलेले बोळ पाहावयास मिळत नाहींत. दर्शनी भाग मात्र रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचा झाला. हा सौदा वाजवी होता कीं नाहीं, याचा निवाडा करतांना समोरच्या मोकळ्या चौकाची आठवण ठेवली पाहिजे; तेथें ना बोळ राहिले ना दर्शनी भाग.

मुंबईकरांना या कथेची उलटी बाजू ठाऊक आहे. काळाघोड्याजवळचें वॉटसन हॉटेल १८६० नंतरच्या दशकांत बांधलें गेलें, तें ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर. त्याचे भाग इंग्लंडांत तयार होऊन जहाजानें आले. १८९६ च्या जुलैंत, म्हणजे रिलायन्स पुरी झाल्याच्या दुसऱ्याच वर्षीं, ल्यूमिएर बंधूंचे चलच्चित्रपट मुंबईंत प्रथम दाखविले गेले ते याच हॉटेलांत. शिकागोंत कचेरीचें हॉटेल झालें, तर येथें हॉटेलाच्या कचेऱ्या झाल्या. पाहुण्यांच्या खोल्यांचे तुकडे पाडून त्या बिऱ्हाडांना, दुकानांना आणि जवळच्या न्यायालयांत काम करणाऱ्या वकिलांना भाड्यानें दिल्या गेल्या, आणि इमारत एस्प्लनेड मॅन्शन या नांवानें ओळखली जाऊं लागली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें मुंबईंतील जुनीं भाडीं गोठविलीं. त्यानें असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांच्या डोक्यावरचें छप्पर राखलें, हें निर्विवाद. परंतु त्याच भाड्यांतून छप्पराची डागडुजी व्हावी ही अपेक्षा फोल ठरली. २००५ मध्यें एस्प्लनेड मॅन्शनचा कांहीं भाग कोसळून प्राणहानि झाली, २००६ मध्यें जगांतील धोक्यांत असलेल्या वास्तूंच्या यादींत तिचें नांव आलें, आणि २०१९ मध्यें रहिवाशांना ती सोडावी लागली.

दोन्ही इमारती धातूच्या सांगाड्यावर उभ्या राहिल्या, दोन्ही आपापल्या शहरांत नव्या युगाच्या अग्रदूत ठरल्या आणि दोहोंनींहि आपला मूळ उद्योग सोडला. फरक पडला तो उद्योग बदलण्याच्या रीतींत. एकीनें नवें काम पत्करलें तें आधीं सांगाडा व आवरण निरोगी करून. दुसरीवर नवें काम तुकड्यातुकड्यानें लादलें गेलें, आणि तिच्या प्रकृतीची जबाबदारी मालक, भाडेकरू व सरकार या तिघांत विभागून शेवटीं कोणाचीच राहिली नाहीं. शिकागोच्या नगरपालिकेनें जें केलें तें वस्तुतः थोडें होतें. बाजारानें ज्या वर्षांत पाठ फिरविली, तेवढीं वर्षें तिनें इमारत उचलून धरली आणि नवा धनी येतांच हात काढून घेतला.

१८९० मध्यें हेल यांनीं जॅकांच्या आधारानें नेमकें हेंच केलें होतें. जुन्या भाडेकऱ्यांची मुदत संपून नवी इमारत उभी राहीपर्यंत मधला काळ कोणीतरी तोलून धरावा लागतो. रिलायन्सच्या नशिबानें तिला दोन्ही वेळां असा आधार मिळाला. म्हणूनच रूटच्या पायावर, ॲटवुडच्या खिडक्यांमागें, पाहुण्यांच्या बिछान्यांवर सकाळचा उजेड येऊं शकला.